वाशीमचा काळा दगड समुद्राने घडवलेला नाही

हरिहरेश्वर पाहून वाशीमला परतलेली मंडळी हमखास सांगतात, “तिथे लाटांखाली काळा कातळ आहे, आपल्या विहिरीतही तोच लागतो. म्हणजे आपल्याकडे समुद्र होता!” निरीक्षण अचूक, निष्कर्ष साफ उलटा.

दोन्हीकडचा दगड बेसाल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्याने आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून पश्चिम किनारा आकाराला आला तो त्यानंतर. म्हणजे दगड आधीचा, किनारा नंतरचा. हरिहरेश्वरला समुद्राने तयार कातळ फक्त कापला. ओहोटीला उघडा पडणारा सपाट खडक ही त्याचीच करणी.

लाव्हा जमिनीवर पसरला, याचे पुरावे थरांमध्येच आहेत. दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा सांगतो, की पहिला थर उघड्यावर झिजला आणि मग दुसरा आला. “पण शिंपले सापडतात ना!” हो, सापडतात. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतले जीवाश्म अभ्यासले. तिथली फायसा ही गोगलगाय गोड्या पाण्यातली आहे. ती तळ्याची साक्ष देते, समुद्राची नव्हे. शंख दिसला की समुद्र, हे समीकरण आता तरी सोडायला हवे.

“मग शेजारचे लोणार खारे कसे?” त्या सरोवरातून पाणी बाहेर वाहत नाही, बाष्पीभवनाने क्षार साचत जातात. शिवाय समुद्रात मिठाचे प्राबल्य असते, तर लोणारच्या पाण्यात सोड्याचे क्षारही भरपूर. हे सरोवर ज्या विवरात आहे, ते उल्कापाताचे आहे. प्रचंड आघातानेच बनणारी मॅस्केलिनाइट काच तिथे सापडल्याचे 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आणखी काही समज:

दगडातली भोके लाटांनी पाडली: वाशीमच्या दगडातली भोके लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची; हरिहरेश्वरच्या कातळावरची जाळी मुख्यतः क्षारांच्या स्फटिकांनी पोखरलेली.

पोकळ्यांतले पांढरे स्फटिक म्हणजे समुद्री मीठ: मीठ पाण्यात विरघळते, हे झिओलाइट खनिजांचे स्फटिक विरघळत नाहीत.

वाटोळे दगड लाटांनी घडवले: भेगांतून पाणी मुरून बेसाल्ट जागच्या जागी कांद्यासारखा सोलला जातो.

काळी माती समुद्राचा गाळ आहे: ती प्रामुख्याने बेसाल्ट झिजून तयार झालेली आहे.

समुद्रावर जाल तेव्हा कातळ जरूर निरखून पाहा. वाशीमशी त्याचे नाते खरेच आहे, पण ते लाव्हाचे आहे, समुद्राचे नाही.