एंजल विंग : पंख बांधला, पण वंशाचं काय?

आज बोलायचंय पाळीव हंसांच्या वाकड्या पंखाबद्दल. इथे हंस म्हणजे इंग्रजीतला ‘गूज’, ‘स्वान’ नव्हे. आपल्याकडे दोन्हींना हंसच म्हणतात, आणि पुष्कळदा तर सरळ बदकच!

लखनौहून कानपूरकडे जाताना उन्नाव जिल्ह्यात नवाबगंजचं पक्षी अभयारण्य लागतं. हिवाळ्यात तिथे रानहंस उतरतात : डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राजहंस, करडा कलहंस. यांतले राजहंस तर हिमालय ओलांडून येतात. पंख वाकडा असलेला पक्षी त्या प्रवासाला निघूच शकत नाही, म्हणजे निसर्गातली चाळणी तिथेच लागते. लखनौच्याच एखाद्या अंगणातला पाळीव हंस मात्र वाकड्या पंखानिशी वीस वर्षं मजेत जगतो आणि दर हंगामात पिल्लंही देतो. तिथे चाळणी लावायची कोणी? पाळणाऱ्यानेच.

या दोषाला ‘एंजल विंग’ म्हणतात. पंखाचं शेवटचं पेर मनगटाच्या सांध्यातून बाहेर वळतं आणि मोठी पिसं अंगाला चिकटून न राहता बाजूला फाकतात. पिल्लू तीन ते सहा आठवड्यांचं असताना हे घडतं. तेव्हा नव्या पिसांच्या नळ्या रक्ताने भरलेल्या, म्हणून जड असतात. पिल्लू फार वेगाने वाढलं तर कोवळ्या सांध्याला तो भार पेलत नाही.

वेग येतो कुठून? खाण्यातून. बाजारात सहज मिळतं ते ब्रॉयलर कोंबडीचं स्टार्टर खाद्य, २० टक्क्यांहून जास्त प्रथिनांचं. पहिले दोन-तीन आठवडे ते चालतं. पुढेही तेच दिवसभर समोर राहिलं, वर पाव आणि चरायला गवत नाही, की धोका वाढतो. हंस मुळात गवत खाणारा पक्षी. तिसऱ्या आठवड्यानंतर प्रथिनं १५-१६ टक्क्यांवर आणा आणि त्याला भरपूर चरू द्या, चालू द्या. मँगनीज आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता हेही कारण सांगितलं जातं.

लवकर लक्षात आलं तर इलाज सोपा आहे. पंख नेहमीसारखा मिटवून स्वतःला चिकटणाऱ्या पट्टीने सैलसर गुंडाळायचा. पंख पंखालाच बांधायचा, छातीभोवती नाही, श्वास अडकतो. रोज तपासायचं, तीन-चार दिवसांनी सोडायचं. मोठ्या पक्ष्यात हाड घट्ट झाल्यावर काही होत नाही, पण त्याला वेदना नसते. तो अंगणात सुखाने राहू शकतो.

खरा पेच पुढे आहे. पट्टीने पक्षी सरळ होतो, त्याची जनुकं नाही. हा दोष निव्वळ खाण्याचा नाही, काही वंशांत तो जास्त दिसतो. पण म्हणून एक पिल्लू वाकडं निघालं की आई-बाप बाद, हेही मला पटत नाही. हंस वर्षातून एकदाच हंगामात अंडी घालतात आणि पिल्लं वयात यायला साधारण दोन वर्षं लागतात. चांगली जोडी घाईने मोडली तर ती वर्षं वाया.

आधी खाद्य सुधारा. पुढच्या हंगामात सगळ्या जोड्यांची पिल्लं एकाच खाद्यावर, एकाच जागेत वाढवा. सगळीकडे तुरळक वाकडे पंख दिसले तर दोष खाद्याचा धरा. एकाच जोडीच्या पिल्लांत पुन्हा पुन्हा दिसले तर ती जोडी थांबवा. एका नराला दोन-तीन माद्या असतील तर कोणत्या मादीची पिल्लं बिघडतात ते पाहा. सगळ्यांचीच बिघडत असतील तर आधी नर बदला. यासाठी अंड्यावर पेन्सिलीने मादीची खूण आणि पिल्लाच्या पायात रंगीत कडं, एवढं पुरे. वाकड्या पंखाचा पक्षी मात्र प्रजननात घेऊच नका, पट्टीने सरळ झालेलाही नाही. त्याच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घाला आणि विकताना ते काढू नका.

कारण घेणाऱ्याला ते नुसतं बघून कळत नाही. जुन्या लखनौतल्या नख्खाससारख्या पक्षीबाजारात हंस घेताना पंख उघडून, मिटवून पाहिला तरी पट्टीने सुधारलेला पक्षी ओळखू येत नाही. पाळण्यासाठी घेत असाल तर हरकत नाही. पिल्लं काढायची असतील, तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची भावंडं आणि आई-बाप बघा, आणि त्यांना खायला काय घालतात तेही विचारा.