छापलेला पिवळा आणि पाहिलेला पिवळा



आम्ही रंगशास्त्राचे पंडित नव्हे. पंधराव्या वर्षी एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले, आणि जे थोडेबहुत शिकलो ते मशीनशेजारी उभे राहून व वाचनालयातली पुस्तके चाळून शिकलो. तरीही रंगीत छपाईवर बोलायला उभे राहिलो, त्याला कारण एक भांडण आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका हळद व्यापाऱ्याने पुड्यांवर चिकटवायची पाच हजार लेबले छापून घेतली. हळदीच्या रंगाचे मोल हिंगोलीकरांना सांगायला नको. घेणारा हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. पुढे २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तर लेबलांचे गठ्ठे आले तेव्हा शेठजींनी खिशातून मोबाईल काढला, लेबलाशेजारी धरला आणि म्हणाले, "मालक, मी पास केला तो पिवळा हा, अन् तुम्ही दिला तो हा. ही हळद हाय का मुलतानी माती?" मालकाला गिऱ्हाईक तोडायचे नव्हते. त्याने लेबले फुकट पुन्हा छापून दिली आणि कागदाचे पैसे मशीनमनच्या पगारातून कापले. मशीनमन आमच्याकडे आला.

प्रथम कायद्याचे सांगून टाकतो. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यात जे होते, तेच आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान त्या कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि आपली बाजू मांडण्याची संधी त्याला आधी दिली पाहिजे. येथे संधी दिलीच नव्हती. पण एवढ्यावर भांडण जिंकून आमचे समाधान होईना. हयगय कोणाची, हे आम्हाला खरोखरच समजून घ्यायचे होते.

मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिसळून तो सगळे रंग दाखवतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा दिसतो. कागद प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत येतो. छापखान्यात आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, आणि त्यांच्या बारीक ठिपक्यांतून सारे चित्र उभे राहते. एक रीत उजेडात उजेड घालण्याची, दुसरी उजेडातून उजेड काढून घेण्याची. पडद्यावरचे कित्येक झगझगीत नारिंगी आणि हिरवे रंग या चार शायांतून निघतच नाहीत, मग मशीनमन कितीही कसबी असो. म्हणजे शेठजींनी पास केलेला पिवळा कागदावर येणे मुळातच कठीण होते, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यातून कागदाचा प्रश्न. गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वर राहते, साध्या मॅपलिथोवर ती आत शोषली जाते, ठिपका पसरतो आणि रंग दबतो. ऑफसेटची शाई ओली असताना तजेलदार दिसते आणि वाळली की थोडी उतरते. डिझाईन करणाऱ्याच्या दुकानात छोट्या प्रिंटरवर काढलेले प्रूफ वेगळ्या शाईचे आणि वेगळ्या कागदाचे असते. शेठजींना तर तेही दाखवले नव्हते. मोबाईलवर चित्र पाठवले, त्यांनी 'ओके' लिहिले, आणि तीच मंजुरी ठरली.

मालक, शेठजी आणि मशीनमन अशा तिघांना आम्ही छापखान्याच्या दारात बोलावले. आत ट्यूबलाईटखाली मळकट दिसणारे तेच लेबल बाहेर उन्हात धरले, तर बरेच उजळ दिसले. मुद्रकांनी प्रूफ पाहण्यासाठी जगभर एकच उजेड ठरवला आहे. दुपारच्या स्वच्छ उजेडासारखा, ज्याला पाच हजार केल्व्हिन म्हणतात. कारण एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. साडीच्या दुकानातून "जरा बाहेर नेऊन बघते" म्हणणाऱ्या आपल्या मायबहिणींना हे शास्त्र कोणी शिकवले, देव जाणे!

पण आमच्या माणसाची चूक मुळीच नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. गठ्ठ्याच्या वरच्या काही लेबलांत तांबूस छटा अधिक होती. आधीच्या कामानंतर रूळ नीट धुतला नव्हता, आणि पिवळ्या शाईइतकी लवकर मळणारी दुसरी शाई नाही. त्याने ते कबूल केले. मात्र त्या थोड्या लेबलांसाठी पाच हजारांचे पैसे कापणे हा न्याय नव्हे.

रंगाचे भांडण शब्दांनी मिटत नाही, कारण 'हळदी' म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी हळद येते. शेजारच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाचे भारतीय मानक १९५१ चे, पुढे सुधारलेले. त्यातला केशरी कोणता हे आकड्यांनी बांधून दिलेले आहे. रंग आकड्यांत मांडण्याची रीत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये घालून दिली होती. आज दोन रंगांतले अंतर मोजणारी यंत्रे मिळतात आणि किती अंतर चालेल हे करारातच लिहिता येते. पण तालुक्याच्या छापखान्याला असले यंत्र परवडत नाही, आणि लेबलासाठी त्याची नेहमी गरजही नसते.

त्या दिवशी ठरले ते असे. मोबाईलवरचे चित्र केवळ मजकूर आणि मांडणी तपासण्यासाठी. रंगाची मंजुरी त्यावर घ्यायची नाही. ज्या कागदावर काम व्हायचे त्याच कागदावर, त्याच मशीनवर थोडे ताव काढायचे, वाळू द्यायचे आणि तीन नमुने ठेवायचे: एक हवा तसा, एक चालेल इतका फिका आणि एक चालेल इतका गडद. दिवसाच्या उजेडात गिऱ्हाईकाने तिन्हींवर सही करायची. या दोन टोकांमधले काम गिऱ्हाईकाने घ्यायचे; बाहेर गेले तर छापखान्याने पुन्हा छापायचे. कोणाला झगझगीत पिवळाच हवा असेल, तर त्याच रंगाची वेगळी शाई पाचव्या प्लेटने छापता येते. पण तिचा खर्च आधी सांगायचा, मागाहून नव्हे. मालक कुरकुरला. ताव वाया जातात, वेळ जातो, असे त्याचे म्हणणे. आम्ही विचारले, "पाच हजार लेबलांपेक्षा जास्त जातात का?" त्यावर तो गप्प राहिला. पुढच्या पगारात कापलेले पैसे मशीनमनला परत मिळाले. तांबूस लेबलांपुरती रक्कम त्याने आपण होऊन सोडली.

गेल्या दिवाळीआधी शेठजी पुन्हा लेबले छापायला आले. माल हातात घेऊन सवयीने म्हणाले, "जरा फिकं वाटतं, भाऊ." मशीनमनने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले सही केलेले तीन नमुने काढून त्यांच्या हातात दिले. शेठजी ते घेऊन दाराबाहेर उन्हात गेले, बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिले, आणि आत येऊन म्हणाले, "बांधा गठ्ठे."