आठ मात्रा, सहा पावले

‘लॅटिन नृत्य’ हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो, आणि ज्याला या नृत्यावर पोट भरायचे आहे त्याने आधी हा सैलपणा दूर केलेला बरा. स्पर्धेच्या शाखेत चा-चा-चा, सांबा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह ही पाच नृत्ये येतात. त्यांतले जाइव्ह मुळात अमेरिकी स्विंगचे अपत्य असल्यामुळे ‘लॅटिन’ हे बिरुद तेथेही थोडे ओढूनताणूनच लावलेले आहे. दुसरी शाखा ‘सोशल’ म्हणजे मेळाव्यात, प्रेक्षकांसाठी नव्हे तर एकमेकांसाठी नाचण्याची. क्यूबातील सोन आणि मांबो यांच्या मुळांवर न्यूयॉर्कच्या स्थलांतरित वस्त्यांत वाढलेला साल्सा आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेला डोमिनिकन बचाता ही तिची मुख्य नृत्ये होत. पहिल्या शाखेत पदके आणि प्रमाणपत्रे मिळतात. नियमित फी मात्र प्रामुख्याने दुसरीतून येते.

हे ताल मराठी कानाला परके नाहीत. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात बोंगो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांना मोकळे रान दिले, गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या साथीला होते आणि पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव सहज डुलत होता. पुढे २००६ मध्ये ‘झलक दिखला जा’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि चा-चा-चा, साल्सा ही नावे घरोघर पोहोचली. ताल आला, नाव आले. जोडीने नाचण्याची सवय मात्र त्यांच्याबरोबर आली नाही.

नवी मुंबईतील शिरवण्यासारख्या ठिकाणी हा फरक चांगला दिसतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची; शिरवणे हे त्याआधीपासूनचे आगरी-कोळी गाव असून आज त्याच्या एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, तर दुसऱ्या अंगाला जुईनगर-नेरुळचे सेक्टर आहेत. या टापूत हळदीच्या रात्री बेंजो वाजू लागला की आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात, त्यामुळे नाचण्याची लाज हा येथील शिक्षकापुढचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो अनोळखी व्यक्तीचा हात हातात घेण्याचा. त्यावरचा वर्गातला उपाय म्हणजे दर काही मिनिटांनी जोडीदार बदलणे. त्यामुळे संकोचही ओसरतो आणि एकटा आलेला विद्यार्थी एकटा राहत नाही.

अडचण पायांतही असते. साल्साचे मूळ आवर्तन आठ मात्रांचे. त्यांतल्या पहिल्या तीन मात्रांवर आणि पाचवी, सहावी, सातवी यांवर पाऊल पडते, तर चौथी आणि आठवी मोकळी राहते. केरव्यावर वाढलेल्या कानाला ही मोजणी सोपी वाटते, पण मोकळी मात्रा छळते. नवखा तेथे हटकून जादा पाऊल टाकतो आणि नेमका जोडीदाराच्या बोटांवर उतरतो. ही मात्रा ‘सोडायला’ शिकवण्यातच पहिला महिना जातो.

व्यवसायाचा हिशेब तासावर चालतो. समजा, दालनाचे भाडे ताशी ६०० रुपये, आठवड्याला दोन तास आणि मासिक फी १,५०० रुपये असेल, तर महिन्याच्या ४,८०० रुपये भाड्यासाठी चार विद्यार्थी पुरतात आणि सोळा आले तर १९,२०० रुपये हाती उरतात. कागदावर हे आकडे गोंडस दिसतात. प्रत्यक्षात त्यातून सहायकाचे मानधन जाते, गणपतीत वर्ग ओस पडतो, परीक्षांच्या दिवसांत महाविद्यालयीन मुले गळतात आणि ‘लीड’ म्हणजे जोडीला दिशा देणारे व ‘फॉलो’ म्हणजे त्या इशाऱ्यावर वळणारे यांची संख्या क्वचितच जुळते. म्हणून प्रवीण विद्यार्थ्यांच्या लहान गटापेक्षा नवशिक्यांची सतत येणारी तुकडीच शिक्षकाला तगवते. कलावंताच्या अभिमानाला हे थोडे टोचते.

जोडीदाराची ही अटच काढून टाकली तर काय होते, याचे उत्तर झुंबा या नृत्य-व्यायामाच्या कंपनीने दिले. कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी २००१ मध्ये दोन भागीदारांसह उभारलेली ही कंपनी व्यायामवर्गांऐवजी प्रशिक्षकांना प्रशिक्षण, परवाना आणि मासिक सदस्यत्व विकू लागली. नृत्य म्हणून झुंबा पातळ आहे. धंदा म्हणून मात्र कुणालाही हेवा वाटावा असे. नवी मुंबईतल्या साल्सा शिक्षकाने सकाळचे तास अशा वर्गाला दिले तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लग्नातला ‘कपल डान्स’ बसवून देणे हे दुसरे नगद काम, कारण तेथे मुहूर्त ठरलेला असतो आणि गिऱ्हाईक तालीम चुकवत नाही.

कायद्याची बाजू फार अवघड नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार मोजकेच कामगार असल्यास नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. खरी गफलत गाण्यांच्या बाबतीत होते. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत वाजणाऱ्या संगीताला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती फी घेऊन चालणाऱ्या वर्गालाही लागू होते असे मात्र धरून चालता येत नाही. त्याच कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीच्या व्याख्येत स्थान आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असावी लागते, तेव्हा स्वतःची रचना शिकवण्यापूर्वी टिपून ठेवणे शिक्षकाच्याच हिताचे असते.

भाडेकरार करताना बहुतेकजण आरसे आणि वातानुकूलन पाहतात, जमीन पाहत नाहीत. व्यायामशाळेच्या रबरी गादीवर गिरकी घेताना बूट धरून ठेवला जातो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो, तर काँक्रीटवर बसवलेल्या टाइल्सवर पाऊल सहज सरकते, पण तासाभरात पोटऱ्या भरून येतात. लाकडी जमीन उत्तम, मात्र ती महाग आणि गाळ्यांत दुर्मीळ. जाणता शिक्षक म्हणूनच जागा पाहायला जाताना नाचाचे बूट पिशवीत घालून जातो आणि अनामत रकमेची बोलणी करण्याआधी मालकासमोरच दोन गिरक्या घेऊन पाहतो.