पोराच्या स्नॅपचॅटवरचा आकडा काय सांगतो?

नाशिक रोड : शिंदे, पळसे, एकलहरे भागातून नाशिक रोडला कॉलेजला येणाऱ्या बऱ्याच पोरापोरींच्या मोबाईलमध्ये स्नॅपचॅट असतं. त्यात प्रोफाईलवर नावाखाली जो आकडा दिसतो, तो स्नॅपस्कोअर.

पाठवलेले आणि आलेले स्नॅप, टाकलेल्या स्टोरी यावरून तो वाढतो. खातं उघडल्यापासूनची ही बेरीज आहे. त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून पोराला रागावू नका, खातं जुनं असू शकतं. आज आकडा लिहून ठेवा, आठ दिवसांनी पुन्हा बघा. वाढ किती झाली, त्यावरून वापर कळतो.

मित्राच्या नावापुढची आग म्हणजे स्ट्रीक. दोघांनी किती दिवस रोज न चुकता एकमेकांना स्नॅप पाठवला, ते तिथे दिसतं. एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते, म्हणून परीक्षेतही मोबाईल सुटत नाही.

पण स्नॅप कोणाला गेला, त्यात काय होतं, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी स्नॅपचॅटने २०२२ साली ‘फॅमिली सेंटर’ आणलं. पालकांचं खातं असेल आणि पोराने मान्यता दिली, तर मागच्या ७ दिवसांत तो कोणाशी बोलला ते दिसतं. मजकूर मात्र दिसत नाही.

फोटोवरून कोणी धमकावत असेल, तर ते पोराने सांगितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा आधी धीर द्या, मग १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.