रूळ उठल्यावरची वाट (भाग ७) : चढ गेला कुठे?

या आठवड्यात न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या जुन्या रेल्वेवाटेवर, पूलबर्नच्या बोगद्यांत शिरायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा निघाला. हे गृहस्थ रविवारी खोपोलीहून जुन्या रस्त्याने सायकलवर खंडाळ्याचा घाट चढतात. ते लिहितात, "शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जाईतो माझ्या मांड्या भरून येतात. आणि तुम्ही म्हणता, ओटागोत सत्तरीतली माणसं सायकलवरून दीडशे किलोमीटर जातात, तीही डोंगराळ मुलखातून. मग तिथला चढ जातो कुठे?"

चढ कुठेही जात नाही. तो वाटून दिलेला असतो. आजचा सगळा भाग या वाटपावरच खर्च करणार आहे, कारण बंद पडलेल्या रेल्वेमार्गाकडून आपल्याला मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय.

आधी उंचीचा हिशोब करू. क्लाइड आणि मिडलमार्च ही आपल्या वाटेची दोन्ही टोकं समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहेत. वाटेतली सर्वांत उंच जागा ६१८ मीटरवर, ओटुरेहुआ आणि वेडरबर्न यांच्यामध्ये. म्हणजे कुठूनही निघालात तरी चारशेहून जास्त मीटर चढावं लागतं. खोपोली ते खंडाळा हा चढ याहून फारसा मोठा नाही. फरक आहे तो अंतराचा. खोपोलीहून निघाल्यावर ही उंची थोडक्या किलोमीटरांत गाठावी लागते. ओटागोत तिच्यासाठी सत्तर-ऐंशी किलोमीटर मिळतात. सरासरी काढली तर दीडशे ते दोनशे मीटर पुढे जावं, तेव्हा माणूस एक मीटर वर जातो. एवढा चढ डोळ्यांना दिसतच नाही. तिथे माणूस दमतो तो समोरून येणाऱ्या वाऱ्याने.

पण सरासरी फसवी असते. गाडीरस्त्यालाही अशी छान सरासरी काढता येईल, आणि तरी मध्ये एखादं वळण छाती फोडणारं असेल. रेल्वेला तशी मुभा नाही. तिथे प्रश्न सरासरीचा नसतो; सगळ्यात वाईट तुकडा किती वाईट, एवढाच असतो. कारण गाडी अख्खा मार्ग उत्तम चालली आणि एका तुकड्यावर अडली, तर ती अडलीच.

याचं मूळ पोलादात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर विलक्षण सहज फिरतं. सपाटीवर मालगाडीचं एक टन वजन संथ चालत ठेवायला साधारण तीन-चार किलोंची ओढ पुरते. एवढी थोडी ओढ लागते म्हणूनच एक इंजिन शेकडो टन नेऊ शकतं. आता चढ लावून बघा. शंभराला एक, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा चढ आला की दर टनामागे दहा किलो ओढ वाढते. पन्नासाला एक असेल तर वीस किलो. म्हणजे ज्या इंजिनाला सपाटीवर टनामागे तीन-चार किलो ओढायचे होते, त्याला आता तेवीस-चोवीस किलो ओढायचे आहेत. सपाटीवर हजार टन नेणारं इंजिन इथे दीडशेच्या आसपास येतं, आणि त्यात त्याचं स्वतःचं वजनही आलं. शिवाय जो गुळगुळीतपणा सपाटीवर कामाला आला, तोच चढावर वैरी होतो; रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

सायकलचं तसं नाही. बारीक खडीच्या वाटेवर रबरी टायरला मुळातच जास्त जोर लागतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरले, तर सपाटीवर साधारण एक किलोची ओढ. पन्नासाला एक चढ आला की त्यात पावणेदोन-दोन किलोंची भर पडते. म्हणजे इंजिनाच्या कष्टाची जिथे सहा-सात पट होते, तिथे सायकलस्वाराची जेमतेम तिप्पट होते. गिअर उतरवायचा, वेग कमी करायचा आणि गप्पा चालू ठेवायच्या. घाटरस्त्यावर दहाला एकचा तुकडा आला की मात्र तीच भर नऊ किलोंची होते, आणि मांड्या भरतात त्या तिथे. चिंचवडकरांच्या प्रश्नाचं गणितातलं उत्तर एवढंच : इंजिनाला जो चढ जड जातो, तो माणसाला सोपा असतो. इंजिनाच्या नाजूकपणाचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो आहे.

ओटागोच्या मार्गावर हा पन्नासाला एकचा चढ टायगर हिलला लागतो, चॅटो क्रीक आणि ओमाकाऊ यांच्यामध्ये. नकाशा उघडून बघा. वाट सरळ टेकडीवर जात नाही. मोठमोठी वळणं घेत, लांबून लांबून चढते. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हा वळसा कशासाठी? वळसा अंतर विकत घेण्यासाठी. तेवढीच उंची जास्त लांबीवर पसरली की चढ आपोआप मवाळ होतो. आणि जिथे वळसा घ्यायला जागा नाही, तिथे खोदाई आणि भराव. उंचवटा खणायचा, निघालेली माती-दगड पुढच्या खोलगट भागात टाकायचे. एका खोदाईतून निघालेलं पुढच्या भरावाला बरोबर पुरावं, अशी आखणी करणं ही त्या काळच्या अभियंत्याची खरी कसोटी असे. हे सगळं काम १८७९ मध्ये मार्गाच्या सुरुवातीच्या विंगाटुईहून सुरू झालं, मिडलमार्चला रूळ पोहोचले १८९१ मध्ये आणि क्लाइडला १९०७ मध्ये. कुदळ, फावडं, हातगाडी आणि सुरुंगाची दारू यांच्या जोरावर. वेग बघा आणि त्यामागचे हात किती होते याचा विचार करा.

आता आपल्या घाटाकडे येऊ, कारण पत्रलेखक रविवारी ज्याच्या शेजारून जातात तो बोरघाटाचा लोहमार्ग याच गणिताचं जगातलं एक थोर उदाहरण आहे. घाटाचा हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. जवळजवळ सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि सगळ्यात कठीण तुकडा ३७ला एक. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता. १८६१ मध्ये या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते. या कामाचा ठेका घेऊन आलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी तो ठेका पुढे चालवून काम तडीस नेलं. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग लिहायचा आहे. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि आपण तेवढ्यात वडा घेतो, ती त्या ३७ला एकचीच मेहेरबानी.

या घाटाचा एक तुकडा मात्र आपल्या लेखमालेत हक्काने बसतो, कारण तो बंद पडलेला आहे. खंडाळ्याखाली वळसा घ्यायला डोंगराने जागाच दिली नव्हती. म्हणून बर्कले यांनी उलटं स्थानक बांधलं. कर्जतकडून चढत आलेली गाडी डोंगराच्या सोंडेवर जाऊन थांबे, पुढे दरी. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावत, आणि गाडी आली त्याच्या उलट दिशेला तोंड करून पुढच्या चढाला लागे. वळसा घालता येत नाही तर मागे फिरून चढायचं! १९२९ मध्ये नवे बोगदे खणून हा तुकडा टाळला गेला. त्याचे दगडी अवशेष द्रुतगती मार्गाच्या आसपास अजून दिसतात. ते लांबूनच बघावेत. शेजारी चालू लोहमार्ग आहे, आणि रेल्वेच्या हद्दीत शिरणं जिवावर बेतणारंही आहे आणि गुन्हाही.

शिंग्रोबाचा विषय पत्रात निघालाच आहे, तर त्याच्याबद्दलही लिहितो. घाट कुठून काढावा हे इंग्रजांना उमगेना, तेव्हा या धनगराने वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं. ते ऐकून त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. मला ती घाटाच्या शास्त्राइतकीच खरी वाटते ती एका अर्थाने. डोंगराची फट कुठे आहे हे मेंढरांमागे फिरणाऱ्यालाच कळतं. पण मेंढरं ज्या चढाने जातात त्या चढाने गाडी जाणार नाही. फट धनगराची, आणि त्या फटीतून चढ पसरवण्याचं काम हजारो मजुरांचं. रेल्वेची प्रत्येक घाटवाट या दोन्ही ज्ञानांची मिळून झालेली असते.

हे सारं सांगण्याचं कारण असं, की मार्ग बंद झाल्यावर रूळ भंगारात जातात, स्लीपर कुंपणाला लागतात, स्थानकं पडतात. पण चढाचं वाटप जमिनीत शाबूत राहतं. मात्र ते शाबूत राहायला मार्ग सलग राहावा लागतो. एका ठिकाणी भराव कापून रस्ता काढला, एका मोरीचा दगड कोणी नेला, एका खोदाईत घर उभं राहिलं, की शंभर किलोमीटरचं वाटप तिथे मोडतं.

ओटागोतच याचा दाखला आहे. मूळ मार्ग क्लाइडला संपत नव्हता. १९२१ मध्ये तो खिंडीतून क्रॉमवेलपर्यंत गेला होता. क्लाइडच्या धरणासाठी १९८० मध्ये तो तुकडा बंद झाला आणि आता त्या खिंडीत डन्स्टन तलाव आहे. क्लाइड ते मिडलमार्च हा उरलेला मार्ग १९९० मध्ये बंद झाला, त्याची जमीन संवर्धन खात्याने हाती घेतली, मोठी खडी काढून बारीक खडी अंथरली, पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, आणि २००० मध्ये अख्खी वाट खुली झाली. बुडालेल्या तुकड्याची उणीव भरायला २०२१ मध्ये तलावाच्या दुसऱ्या काठाने नवी सायकलवाट आली. ती देखणी आहे. कड्याला अधांतरी बसवलेल्या फळ्यांवरून जाते. पण तिच्यावर दम काढणारे नागमोडी चढ आहेत. तीच खिंड, तीच दोन गावं; गेला तो फक्त रेल्वेने पसरवलेला चढ, आणि तो पुन्हा बांधणं कोणालाही परवडलं नाही.

म्हणून आपल्याकडे मूर्तिजापूरच्या शकुंतलेचा, म्हणजे तिथल्या बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेचा, विषय निघतो तेव्हा माझं म्हणणं एकच असतं. यवतमाळ आणि अचलपूरच्या लोकांना गाडी परत हवी आहे, तीही ब्रॉडगेज, आणि त्यांची मागणी रास्त आहे. ती पूर्ण होईपर्यंत तो पट्टा कुठेही तुटू नये. अमेरिकेने १९८३ मध्ये कायदाच केला : बंद मार्ग सायकल-पायवाट म्हणून वापरा, पण सलग ठेवा, उद्या रेल्वेला लागला तर परत द्या. चालणारा माणूस आणि येणारी गाडी, दोघांचंही हित त्या सलगपणात आहे. वऱ्हाडातल्या कोणी त्या पट्ट्याची आजची स्थिती गावनिहाय कळवली तर ती मी याच सदरात छापेन.

पुढच्या वेळी रेल्वेने जाल तेव्हा खिडकीबाहेर रुळाशेजारचा एक बुटका खांब शोधा. त्याला वर किंवा खाली झुकलेला हात असतो आणि त्यावर एक आकडा : १००, १५०, २००. पुढचा चढ किंवा उतार केवढ्याला एक, हे तो चालकाला सांगतो. आकडा जितका मोठा, तितकं वाटप उदार. काही आकडे टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात बोगदे नक्की. येताना बॅटरी आणा, कारण पूलबर्नला आत वळण आहे की नाही यावरच सगळी गंमत अवलंबून आहे.