मातोश्रींसमवेत जिरोना

वृद्ध आईबापांस परदेशीं न्यावें कीं घरींच सुखरूप ठेवावें, हा प्रश्न मुलें-नातवंडें दूरदेशीं असलेल्या आपल्या कुटुंबांत हल्लीं वारंवार निघतो. प्रकृतीचा विचार अवश्य करावा. परंतु मातापितरांस केवळ जपून न्यावयाची वस्तु समजल्यास प्रवासाचा अर्धा लाभ बुडतो, असें आमचें मत झालें आहे. तें कशानें झालें, तें सांगतों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त स्पेनमधील बार्सेलोना येथें असतात. गेल्या वसंतांत तेथें गेलों असतां ८६ वर्षांच्या मातोश्रींस घेऊन आम्हीं जवळचें जिरोना हें प्राचीन नगर पाहिलें. वेगवान आगगाडीनें पाऊण तासहि लागत नाहीं. गांवांतून ओन्यार नदी वाहते. पिवळीं, तांबडीं, नारिंगी घरें तिच्या पाण्यास अगदीं लागून उभीं आहेत. नदीवरील तांबडा लोखंडी पूल १८७७ सालीं आयफेल यांच्या कंपनीनें बांधला. पॅरिसचा प्रसिद्ध मनोरा पुरा झाला तो त्यानंतर बारा वर्षांनीं.

टेकडीवरील मुख्य ख्रिस्तमंदिरापुढें सुमारें ९० पायऱ्या आहेत. पर्वती चढावी तशा मातोश्री थांबत थांबत चढल्या. त्या विसाव्यांत आम्हीं त्यांस या वास्तूची हकीकत सांगितली. मधल्या खांबांवांचून एवढें रुंद छत टिकेल काय, असा वाद पडल्यावर १४१६ सालीं निरनिराळ्या गांवच्या स्थपतींस पाचारण करून प्रत्येकाची शपथेवर स्वतंत्र जबानी घेण्यांत आली. मतें दुभंगलीं; तरी अखेर धाडसी बेतच मान्य झाला. सुमारें २३ मीटर रुंदीचें तें दालन गॉथिक शैलींतील एकसंध दालनांत जगांत सर्वांत रुंद गणलें जातें. "मग टिकलें कीं!" एवढेंच म्हणून मातोश्री पुढें निघाल्या.

आंत सुमारें नऊशें वर्षांपूर्वींचा सृष्ट्युत्पत्तीचा पट आहे. मध्यें ख्रिस्त, भोंवतीं वर्तुळांत प्रकाश, जल, पशुपक्षी व आदिमानव. कोपऱ्यांत चार वारे. कडेच्या चौकटींत संवत्सर, ऋतु आणि महिने. आम्ही कालपुरुषाच्या कल्पनेशीं त्याचें साम्य जुळवीत असतां, जन्मभर कशिदा काढलेल्या मातोश्री कांचेजवळ वांकून म्हणाल्या, "अरे, हें विणलेलें नव्हे, सुईनें भरलेलें आहे. टांके बघ." खरोखरच, पट म्हणून ओळखली जाणारी ही वस्तु लोंकरीच्या कापडावरील भरतकामच आहे. आमच्या पोथ्यांनीं जें दाखविलें नसतें, तें त्यांच्या बोटांनीं ओळखलें.

तेथून जवळच जुनी ज्यू वस्ती आहे. दोन माणसें कशीबशीं जातील अशा दगडी गल्ल्या! येथेंच ११९४ सालीं मोझेस बेन नाहमान हा थोर शास्त्री जन्मला. १२६३ सालीं बार्सेलोनास राजासमोर त्यानें ख्रिस्ती पंडितांशीं धर्मविषयक वाद केला. पुढें स्वदेश सोडून तो पॅलेस्टाईनला गेला. १४९२ सालीं राजाज्ञेनें स्पेनमधील ज्यूंस धर्मांतर किंवा देशत्याग यांपैकीं एक पत्करावें लागलें, आणि येथील अध्ययन-अध्यापन बंद पडलें. एका दाराच्या दगडी चौकटींत अजून एक खांच दिसते. धर्मवचनें लिहिलेली गुंडाळी ज्यू लोक अशा ठिकाणीं बसवीत. मातोश्रींनीं खांचेवर हात ठेवला व बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "दगड राहिला रे, म्हणणारीं माणसें गेलीं."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. मातोश्रींस त्यांच्या आजीकडून आलेल्या जात्यावरच्या शेंकडों ओव्या मुखोद्गत आहेत. त्या कोठें छापलेल्या नाहींत. घरांत दुसऱ्या कोणास येतहि नाहींत. आम्हीं आयुष्यभर परक्यांच्या मुलांकडून श्लोक पाठ करून घेतले, आणि हें धन घरांतच बिनलेखी होतें! परतीच्या गाडींत वही काढून आम्हीं पहिल्या अकरा ओव्या उतरून घेतल्या. आजवर १४० झाल्या आहेत. नातसून ध्वनिमुद्रणहि करते, कारण चाल कागदावर उतरत नाहीं.

ज्यांच्या घरीं असें कोणी वडीलधारें माणूस आहे, त्यांनीं त्यांस जिरोनास न्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. शक्य असेल तेथें न्यावें, त्यांच्या पावलानें चालावें, आणि वही मात्र आजच उघडावी.