चांदीवर सोन्याचा पत्रा: तो सुटतो का आणि टिकतो कसा?



चांदीच्या टॉप्सवर सोन्याचं एक छोटंसं पान बसवलेलं असेल, तर गिऱ्हाईक हमखास थांबतं. पण तेच पान महिन्याभरात सुटलं, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, उलट दहा जणांना सांगतं. म्हणून आज पत्रा बसवायचा कसा आणि मुख्य म्हणजे तो टिकवायचा कसा, ते नीट समजून घेऊ.

ही पद्धत कोरियातली. तिला कुम-बू म्हणतात, म्हणजे 'जोडलेलं सोनं'. यात डाक लागत नाही, गोंद लागत नाही, मुलाम्याचं पाणीही लागत नाही. फक्त उष्णता आणि दाब. चांदी वितळते 961 अंशांच्या पुढे आणि सोनं 1064 अंशांना. हा पत्रा मात्र साधारण 260 ते 370 अंशांतच बसतो. दोन्ही धातू शुद्ध आणि स्वच्छ असले, की तापवून दाबल्यावर त्यांचे अणू एकमेकांत शिरतात आणि कायमचा जोड तयार होतो.

इथेच बहुतेक जण फसतात. सगळं लक्ष सोन्याकडे असतं, पण काम बिघडतं ते चांदीमुळे.

आधी चांदी तयार करा

बाजारात मिळणाऱ्या 925 चांदीत 7.5 टक्के दुसरा धातू असतो, बहुतेक वेळा तांबं. तापवलं की ते तांबं पृष्ठभागावर काळं पडतं आणि त्या काळ्या थरावर सोनं धरत नाही. उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी हवी:

1. डाक देणं, घासणं, पॉलिश पेपर मारणं, सगळं आधी उरकून घ्या. खडे मात्र सगळ्यात शेवटी बसवायचे.
2. दागिना काळपट होईपर्यंत तापवा, पण लालभडक करू नका.
3. थोडा थंड झाला की लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात टाका. काळा थर विरघळतो.
4. साबणाच्या पाण्यात पितळी ब्रशने हलकेच घासा.

हे चक्र सहा ते आठ वेळा करा. तापवल्यावरही चांदी पांढरीशुभ्र राहिली, म्हणजे वर शुद्ध चांदीचा पातळ थर आला. आता त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही! लावलात तर केलेली सगळी मेहनत पाण्यात. हा खटाटोप नको असेल तर पहिले दोन-चार नग 999 चांदीत करा.

पत्रा कोणता घ्यायचा?

24 कॅरेटचाच. आणि वर्ख नको! वर्ख इतका पातळ असतो, की तापवल्यावर चांदीत मुरून दिसेनासा होतो. आपल्याला साधारण 10 मायक्रॉन किंवा थोडा जाड पत्रा हवा. तो ट्रेसिंग पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये धरून कात्रीने कापा. बोट लावू नका, बोटाचं तेल जोड होऊ देत नाही. चिमटा वापरा.

बसवताना

जाड पितळी पत्र्यावर किंवा हॉट प्लेटवर दागिना ठेवा. ओल्या ब्रशने सोनं जागेवर ठेवा, पाणी पूर्ण सुकू द्या आणि मग खालून तापवा. वरून थेट ज्योत मारू नका. तापमान कसं ओळखायचं? लाकडी काडी चांदीवर ओढा. तपकिरी रेघ उमटली की सुरुवात करा, पण ही रेघ सोन्याच्या जागेपासून लांब ओढा.

आता अकीकाची ओपणी घ्या. आधी मधोमध दाबा, मग मधून कडेकडे जा, म्हणजे हवा बाहेर निघते. फुगा राहिला तर सुईने टोचा आणि गरम असतानाच पुन्हा दाबा. तापलेली अकीकाची ओपणी पाण्यात बुडवू नका, दगड तडकतो. आणि काम झालं की तापवणं थांबवा. उगाच तापवत राहिलात तर सोनं चांदीत मुरून फिकट पडतं.

शेवटचा हात

मोटरच्या बफवर नेऊ नका, पातळ सोनं घासून जाईल. साबणाचं पाणी आणि पितळी ब्रश पुरे, पण ब्रश कोरडा फिरवला तर चांदीवर पिवळी झाक येते. सोनं उठून दिसायला हवं असेल, तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दागिन्यासोबत बंद डब्यात ठेवा. बलकातल्या गंधकाने चांदी काळवंडते, सोनं तसंच राहतं. अंडं दागिन्याला लागू देऊ नका.

आता हिशोब

10 मायक्रॉनच्या एक चौरस सेंटिमीटर पत्र्याचं वजन साधारण 19 मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये जवळपास 52 चौरस सेंटिमीटर. सोप्या हिशोबासाठी ग्रॅमचा दर 10,000 रुपये धरू. एका चौरस सेंटिमीटरला सोनं लागलं 193 रुपयांचं. पत्रा बनवण्याची मजुरी वेगळी. मग खरा खर्च कुठे आहे? तुमच्या वेळेत आणि बिघडलेल्या नगांत. पहिल्या दहा नगांपैकी किती बिघडले ते वहीत लिहा आणि ते किमतीत धरा. कात्रणं फेकू नका, डबीत जमवा.

बिलावर 'सोन्याचे टॉप्स' लिहू नका. '925 चांदी, त्यावर 24 कॅरेट सोन्याचा पत्रा' असं स्पष्ट लिहा. सोबत एक चिठ्ठी द्या: रिठ्याच्या पाण्याने धुवा, पावडर आणि टूथपेस्ट लावू नका. अंगठी सतत घासली जाते, म्हणून सुरुवात टॉप्स आणि पेंडंटने करा.

आणि एक सवय लावून घ्या. विकण्याआधी प्रत्येक नगाच्या सोन्याच्या कडेवरून नख फिरवा. कड उचलली गेली, तर तो नग परत तापवायचा आणि दाबायचा. तुमच्या नखाला जे सापडलं, ते गिऱ्हाइकाच्या नखाला सापडायला नको!